‘सॉरी, फ्लॅट आत्ताच गेला!’ – अमेरिकेत भाड्याचं घर, वंशभेद आणि भाडेकरूचा हक्क

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांचा व्हिसा झालाय, बॅगांचं वजन करून झालंय आणि आता रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर अमेरिकेतली अपार्टमेंट्स बघणं चालू आहे. आणि त्यांच्यासाठीसुद्धा, ज्यांचा भाऊ, बहीण किंवा जवळचा मित्र तिकडे घर शोधतोय.

प्रश्न साधा आहे. आपला रंग, आपला देश किंवा आपलं नाव बघून घरमालक घर नाकारू शकतो का?

अमेरिकेतलं उत्तर आहे, नाही. १९६८ पासून तिथे हे बेकायदेशीर आहे. काही अपवाद आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण नुसतं ‘कायदा आहे’ एवढं माहीत असून भागत नाही. कारण भेदभाव झाला हे बऱ्याचदा ज्याच्या बाबतीत होतो त्यालाच कळत नाही. का कळत नाही आणि कळण्यासाठी काय करायचं, हाच आजचा विषय.

नकार कसा ऐकू येतो?

समजा, नागपूरची एक मुलगी टेक्सासमध्ये शिकायला गेलीय. ऑनलाइन जाहिरात बघून ती फोन करते. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलतो. “अरेरे, सॉरी, फ्लॅट आत्ताच गेला. दुसरं काही आलं तर नक्की कळवतो हं!” ती थँक्यू म्हणून फोन ठेवते आणि पुढचा नंबर लावते.

अर्ध्या तासाने तिच्याच वर्गातली एक गोरी अमेरिकन मुलगी त्याच नंबरवर फोन करते. तिला उत्तर मिळतं, “हो, रिकामा आहे. शनिवारी बघायला येताय का?”

आता सांगा, आपल्या नागपूरच्या मुलीला काही कळलं का? कुणी शिवी दिली नाही, कुणी ‘तुमच्या देशात परत जा’ म्हटलं नाही. तिच्या लेखी एक सभ्य माणूस भेटला आणि नशिबाने फ्लॅट हुकला. दोघींच्या फोनची तुलना केली तरच खरं काय ते दिसतं.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण प्रकार खरा आहे. अमेरिकेत एक केंद्रीय खातं आहे, गृहनिर्माण आणि नागरी विकास खातं. त्याला लघुरूपात ‘हड’ म्हणतात. (नाव हड असलं तरी कुणाला हाकलत नाही, उलट हाकललेल्यांच्या तक्रारी घेतं!) या खात्याने २०१२ मध्ये २८ महानगरांत एक मोठी पाहणी केली, आठ हजारांहून जास्त चाचण्यांची. दोन-दोन माणसांच्या जोड्या केल्या, एक गोरा आणि एक काळा, लॅटिनो किंवा आशियाई. कागदावर दोघांची ऐपत सारखी, गरजही सारखी. दोघांनी एकाच जाहिरातीसाठी चौकशी करायची आणि काय उत्तर मिळालं ते लिहून काढायचं.

निष्कर्ष काय? तोंडावर दार आपटणं आता क्वचित दिसतं. भेटीची वेळ बहुतेक सगळ्यांनाच मिळते. पण भाड्याचं घर शोधणाऱ्या काळ्या व्यक्तींना गोऱ्यांपेक्षा ११.४ टक्के कमी घरांची माहिती दिली गेली. लॅटिनोंना १२.५ टक्के कमी आणि आशियाई लोकांना, म्हणजे ज्या गटात आपणही मोडतो त्यांना, ९.८ टक्के कमी.

आपल्याला चार घरं दाखवली तर पाचवं होतं की नव्हतं हे कुणाला विचारणार?

हा कायदा आला कुठून?

थोडं मागे जाऊया, फार लांबवत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत भेदभाव गुपचूप करायची गरजच नव्हती. तो खरेदीखतात छापलेला असायचा. सेंट लुईस शहरातल्या एका वस्तीत १९११ मध्ये घरमालकांनी करार केला होता, की इथली घरं ‘निग्रो किंवा मंगोलियन वंशाच्या’ लोकांना राहायला द्यायची नाहीत. हे त्या करारातले शब्द. १९४५ मध्ये शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने तिथे घर घेतलं आणि शेजारी कोर्टात गेले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की असे करार कोर्टांनी अमलात आणायचे नाहीत. नीट ऐका बरं का, करार करायला बंदी नव्हती. फक्त कोर्ट मदत करणार नाही, एवढंच ठरलं.

सरकारही धुतल्या तांदळाचं नव्हतं. १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. ज्या वस्त्यांत कर्ज देणं ‘धोक्याचं’ त्या लाल. काळ्या लोकांच्या वस्त्या जवळपास ठरलेल्या लाल. ‘रेडलायनिंग’ हा शब्द तिथूनच आला.

आणि आपली माणसं? १९१५ मध्ये पेशावरहून वैष्णो दास बगाई आणि त्यांच्या पत्नी कला बगाई मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. पुढे त्यांनी जवळच्या बर्कलीमध्ये घर घेतलं. सामान घेऊन गेले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. त्यांना राहू द्यायचं नाही असं शेजाऱ्यांनी ठरवलं होतं. ते कुटुंब परत फिरलं. आज त्याच बर्कलीत एका रस्त्याला ‘कला बगाई वे’ असं नाव दिलेलं आहे.

१९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत आले, तिथल्या गरीब काळ्या वस्तीत भाड्याने खोली घेऊन राहिले आणि घरांच्या हक्कासाठी मोर्चे काढले. गोऱ्या वस्तीतून निघालेल्या एका मोर्च्यात त्यांना दगड लागला. घरांबद्दलचं विधेयक मात्र काँग्रेसमध्ये अडकून पडलं होतं. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली, शहरं पेटली, आणि सातच दिवसांनी, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी फेअर हाऊसिंग ॲक्टवर सही केली.

सुरुवातीला हा कायदा तसा बिनदाताचा होता. हड खातं फक्त समेट घडवू शकायचं. कोर्टात गेलं तरी दंडात्मक भरपाई जास्तीत जास्त एक हजार डॉलर. खरे दात आले १९८८ च्या दुरुस्तीने.

कायदा नेमकं काय सांगतो?

सात गोष्टींवरून भेद करता येत नाही. वंश, रंग, धर्म आणि मूळ देश या चार १९६८ पासून. लिंग १९७४ पासून. अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं, या दोन १९८८ पासून. राज्यं आणि शहरं या यादीत आपापली भर घालतात. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात नागरिकत्व, मातृभाषा आणि इमिग्रेशनचा दर्जा यांनाही संरक्षण आहे.

बेकायदेशीर काय काय ठरतं? फक्त ‘देणार नाही’ म्हणणं नव्हे. ही यादी लक्षात ठेवा:

• घर रिकामं असताना ‘गेलं’ असं खोटं सांगणं.
• वंश किंवा देश बघून भाडं, डिपॉझिट किंवा अटी बदलणं. म्हणजे इतरांना एक महिन्याचं डिपॉझिट आणि तुम्हाला तीन.
• ‘तुम्हाला त्या बाजूला बरं पडेल, तुमची माणसं तिकडेच राहतात’ म्हणून विशिष्ट वस्तीकडे वळवणं. याला ‘स्टीअरिंग’ म्हणतात. बोलणारा प्रेमाने बोलत असला तरी ते चूकच.
• ‘फक्त अमुक लोकांना’ अशी जाहिरात करणं किंवा तसं तोंडी सांगणं.
• राहायला आल्यावर दुजाभाव करणं. इतरांचा हीटर दोन दिवसांत दुरुस्त, तुमचा महिनाभर तसाच.
• तक्रार केली म्हणून धमकावणं, त्रास देणं किंवा घराबाहेर काढणं.

हे संरक्षण अमेरिकन नागरिक असण्यावर अवलंबून नाही. स्टुडंट व्हिसा असो, वर्क व्हिसा असो, कायदा तुम्हालाही लागू होतो.

“वास येतो” हे कारण चालतं का?

हा प्रश्न आपल्यासाठी फार जवळचा. थेट ‘भारतीय नकोत’ म्हणायची हिंमत नसते, मग फोडणीचा वास मध्ये येतो.

क्षणभर इंग्लंडला जाऊया, कारण याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तिथलं आहे. केंट परगण्यात बरीच घरं भाड्याने देणाऱ्या एका घरमालकाने आपल्या एजंटला ईमेलच लिहिला होता, की गौरेतर भाडेकरू नकोत, कारण ते गेल्यावर घरात करीचा वास राहतो. तिथल्या समानता आयोगाने त्याला कोर्टात खेचलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने त्याचं हे धोरण बेकायदेशीर ठरवलं.

अमेरिकेतही तत्त्व तेच. घर स्वच्छ ठेवा, भिंती तेलकट करू नका, असा नियम सगळ्यांना लावायला घरमालक मोकळा आहे. नुकसान झालं तर डिपॉझिटमधून कापूही शकतो. पण माणूस यायच्या आधीच, त्याचा देश बघून ‘हे लोक वास करतात’ असं ठरवणं म्हणजे मूळ देशावरून केलेला भेद.

मग घरमालक विचारू काय शकतो?

इथे गल्लत करू नका, कारण प्रत्येक नकार म्हणजे वंशभेद नव्हे.

घरमालक तुमचं उत्पन्न विचारू शकतो. बऱ्याच ठिकाणी ‘पगार भाड्याच्या तिप्पट हवा’ असा नियम असतो. क्रेडिट स्कोअर मागू शकतो, आधीच्या घरमालकाचा संदर्भ मागू शकतो, अर्जाची फी घेऊ शकतो. नवीन विद्यार्थ्याकडे यातलं काहीच नसतं. त्यामुळे गॅरंटर आणा किंवा जास्त डिपॉझिट भरा असं सांगितलं, तर ते गैरसोयीचं असेल, पण तेवढ्यावरून बेकायदेशीर होत नाही. (डिपॉझिट किती घ्यायचं यावर काही राज्यांत मर्यादा आहे, ती मात्र बघून घ्या.)

कसोटी एकच. नियम सगळ्यांना सारखा आहे का? क्रेडिट स्कोअर नसलेल्या गोऱ्या विद्यार्थ्याला सूट आणि तुम्हाला नाही, तर मामला बदलला.

आणखी एक. नियम वरून सारखा दिसत असला, तरी त्याचा फटका एकाच गटाला बसत असेल आणि नियमाला सबळ कारण नसेल, तर त्यालाही आव्हान देता येतं. टेक्सासमधल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये हे मान्य केलं.

अपवाद

मालक स्वतः राहतो अशी चार किंवा त्याहून कमी घरांची छोटी इमारत या कायद्याच्या बऱ्याचशा तरतुदींतून सुटते. मालकाने ब्रोकर न लावता, भेदभावाची जाहिरात न करता भाड्याने दिलेलं स्वतंत्र घरसुद्धा काही अटींवर सुटतं. पण सूट असली तरी भेदभावाची जाहिरात करायला परवानगी नाहीच.

आणि इथे एक गंमत आहे. १८६६ सालचा, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतर लगेच झालेला एक जुना कायदा आहे. मालमत्ता विकत किंवा भाड्याने घेण्याचा हक्क सगळ्या नागरिकांना गोऱ्यांइतकाच, असं तो सांगतो. शंभर वर्षं तो धूळ खात पडला होता. १९६८ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हा कायदा खासगी घरमालकांनाही लागू आहे. त्यात छोट्या इमारतीचा वगैरे अपवाद नाही. १९८७ मध्ये कोर्टाने हेही स्पष्ट केलं, की त्यातला ‘वंश’ म्हणजे फक्त काळा-गोरा नव्हे, कुळमूळ आणि वांशिक ओळखही त्यात येते. हा जुना कायदा शब्दशः नागरिकांपुरता आहे, त्यामुळे व्हिसावर असणाऱ्यांनी वकिलाला विचारूनच त्यावर विसंबावं.

सिद्ध कसं करायचं? इथे ‘टेस्टर’ येतात

सुरुवातीचे दोन फोन आठवा. तीच तुलना मुद्दाम केली तर? अमेरिकेत अनेक शहरांत फेअर हाऊसिंगसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. त्या असेच दोन प्रशिक्षित लोक पाठवतात. त्यांना टेस्टर म्हणतात.

व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडजवळ १९७८ मध्ये सिल्व्हिया कोलमन या काळ्या टेस्टरने एका कंपनीकडे चौकशी केली. उत्तर आलं, घर नाही. केंट विलिस या गोऱ्या टेस्टरला सांगितलं, घर आहे. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कंपनीचा मुद्दा असा, की या बाईंना घर नकोच होतं, मग त्यांचं नुकसान काय झालं? १९८२ मध्ये कोर्टाने एकमताने उत्तर दिलं. कायद्याने प्रत्येकाला घराबद्दल खरी माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. वंशामुळे खोटं सांगितलं, तर तिथेच हक्काचा भंग झाला. घर घ्यायचं होतं की नव्हतं हा प्रश्न गौण.

मला हा निकाल या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. कोर्टाने ओळखलं, की भेदभाव खोट्या माहितीत लपतो. म्हणून त्याने खऱ्या माहितीलाच हक्क मानलं.

टेस्टरांचा वापर एका फार गाजलेल्या खटल्यातही झाला. १९७३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने न्यूयॉर्कमधल्या एका घरमालक कंपनीवर खटला भरला. कंपनी फ्रेड ट्रम्प आणि त्यांचा मुलगा डोनाल्ड यांची. हो, तेच डोनाल्ड ट्रम्प. कंपनीकडे सुमारे १४ हजार अपार्टमेंट्स होती. काळ्या लोकांना घर नाही म्हणून सांगतात, असा आरोप होता. ट्रम्प यांनी आरोप नाकारले आणि उलट १० कोटी डॉलरचा दावा ठोकला, तो कोर्टाने फेटाळला. १९७५ मध्ये तडजोड झाली. गुन्हा कबूल न करता कंपनीने अटी मान्य केल्या. त्यातली एक अट बघा: रिकाम्या घरांची यादी दर आठवड्याला काळ्या समाजासाठी काम करणाऱ्या एका संस्थेला द्यायची. म्हणजे पुन्हा तेच, माहिती उघडी करा.

आता फोनच घर दाखवतो, मग?

तुम्ही म्हणाल, हे जुने दिवस झाले, आता सगळं ॲपवर असतं, ॲपला काय माहीत माझा रंग?

फेसबुकवर घरांच्या जाहिराती कुणाला दिसाव्यात आणि कुणाला नाही, हे निवडण्याची सोय होती. २०१९ मध्ये हड खात्याने फेसबुकवर भेदभावाचा आरोप ठेवला. २०२२ मध्ये मेटा कंपनीने न्याय खात्याशी तडजोड केली, १,१५,०५४ डॉलर दंड भरला आणि घरांच्या जाहिरातींसाठीचं एक टूल बंद करायचं कबूल केलं. विचार करा, जाहिरात तुमच्या स्क्रीनवर आलीच नाही, तर नकार द्यायचीही गरज नाही.

दुसरं उदाहरण भाडेकरूंना ‘स्कोअर’ देणाऱ्या सेफरेंट या कंपनीचं. तिचा स्कोअर सरकारी भाडे-मदत घेणाऱ्या काळ्या आणि लॅटिनो अर्जदारांवर अन्याय करतो, असा दावा मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. २०२४ मध्ये कंपनीने सुमारे २२ लाख ७५ हजार डॉलर देऊन तडजोड केली. तुमचा अर्ज अशा अहवालावरून नाकारला गेला, तर तो अहवाल कुठल्या कंपनीने दिला हे घरमालकाने सांगायला हवं आणि त्याची प्रत तुम्ही मागू शकता. चूक असेल तर दुरुस्तही करून घेता येते.

प्रत्यक्षात काय करायचं?

आता कामाचा भाग. हा तुकडा सेव्ह करून ठेवा.

एक: जमेल तेवढं लेखी बोला. फोन झाला तरी मागोमाग एक छोटा ईमेल टाका. “आपलं आज बोलणं झालं, आपण अमुक फ्लॅट गेला असं सांगितलंत, बरोबर ना?” २०१७ मध्ये कॅलिफोर्नियात कायद्याच्या एका विद्यार्थिनीचं सुट्टीतल्या घराचं बुकिंग यजमानाने ऐनवेळी रद्द केलं आणि मेसेजमध्ये कारण म्हणून ‘आशियाई’ असं लिहिलं. मेसेज हातात होता. तिला पाच हजार डॉलर भरपाई मिळाली आणि यजमानाला आशियाई-अमेरिकन अभ्यासाचा कॉलेज कोर्स करावा लागला!

दोन: जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. ‘गेला’ म्हटल्यावर दोन-चार दिवसांनी जाहिरात पुन्हा बघा. अजून झळकतेय का? पण एक सांभाळा. फोन कॉल गुपचूप रेकॉर्ड करू नका. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत दोन्ही बाजूंची संमती लागते.

तीन: वहीत किंवा फोनमध्ये नोंद करा. तारीख, वेळ, कोण बोललं, नेमके शब्द काय. आठवण महिनाभरात पुसट होते, नोंद होत नाही.

चार: शंका आली तर स्थानिक फेअर हाऊसिंग संस्थेला लवकर कळवा. टेस्टर पाठवायचे तर फ्लॅट रिकामा असतानाच पाठवावे लागतात. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मोफत कायदा सल्ला असेल तर तोही घ्या.

पाच: हड खात्याकडे तक्रार करा. फुकट आहे, वकील लागत नाही, ऑनलाइन करता येते, नाहीतर १-८००-६६९-९७७७ वर फोन करा. घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत. थेट कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. तक्रार आल्यावर खातं दोन्ही बाजूंना विचारतं आणि समेट होतो का बघतं. नाहीच झाला आणि तथ्य दिसलं तर प्रकरण न्यायाधीशापुढे जातं. नुकसानभरपाई, घर देण्याचा आदेश आणि वकिलाचा खर्च, हे सगळं मिळू शकतं. मात्र याला वेळ लागतो. उद्या रात्री डोकं टेकायला छप्पर हवं असेल, तर तक्रार करा आणि दुसरं घरही शोधत राहा. दुसरं घर घेतलं म्हणून तक्रार बाद होत नाही.

आणि जाहिरात आपण टाकतो तेव्हा?

हा भाग थोडा अवघड आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर येणारे मेसेज आठवा. ‘टू बीएचके, ओन्ली इंडियन, प्रेफरेबली महाराष्ट्रीयन, स्ट्रिक्टली व्हेज.’

आपण राहतो त्याच घरात सोबती निवडणं वेगळं. कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या अपील कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलं, की स्वतःच्या घरातला रूममेट निवडण्याला फेअर हाऊसिंग ॲक्ट लागू होत नाही. पण हा देशभरासाठीचा निकाल नाही. आणि तुम्ही तिथे राहत नसाल, म्हणजे उन्हाळ्यात इंटर्नशिपला जाताना अख्खा फ्लॅट सबलीजवर देत असाल, किंवा नोकरी लागल्यावर घर घेऊन ते भाड्याने देत असाल, तर तुम्ही घरमालकाच्या खुर्चीत बसता. तेव्हा ‘ओन्ली इंडियन’ लिहिणं म्हणजे ‘नो इंडियन’ लिहिण्याइतकंच बेकायदेशीर. कायद्याला आपला-परका कळत नाही.

मग ‘आडनाव काय?’ हा आपला खास प्रश्न. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल हे जातीवरून भेदभावाला स्पष्ट बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं आणि ही बंदी घरांनाही लागू आहे. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या अशाच विधेयकावर मात्र गव्हर्नरनी सही केली नाही.

आपल्याला हे नवं नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा शहरात कुणी त्यांना राहायला जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. बडोद्यातली एवढी मोठी नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावं लागलं. घर नाकारलं की नोकरी जाते, शिक्षण अडतं, हे त्यांनी स्वतः भोगलं.

आजही भारतात खासगी घरमालकाला धर्म, जात किंवा प्रांत बघून घर नाकारण्यापासून रोखणारा अमेरिकेसारखा सर्वंकष कायदा नाही. संविधानाचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं, पण ते प्रामुख्याने सरकारला आणि दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक जागा यांना लागू होतं. भाड्याचा फ्लॅट त्यात सरळ बसत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी हाऊसिंग सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारा नियम वैध मानला. त्यामुळे मुंबई-पुण्यात ‘सोसायटीचा नियम आहे हो’ असं सांगून हात झटकले जातात. अमेरिकेत हेच कारण कोर्टात टिकणार नाही.

तर मंडळी, अमेरिकेत घर शोधणाऱ्यांनी एवढं करा: ‘फ्लॅट आत्ताच गेला’ असं ऐकलं की लगेच राग नको आणि लगेच विश्वासही नको. स्क्रीनशॉट घ्या, ईमेल टाका, दोन दिवसांनी जाहिरात पुन्हा बघा. बहुतेक वेळा फ्लॅट खरंच गेलेला असेल. पण गेलेला नसेल, तर तुमच्या हातात पुरावा असेल.

हा भाग तिकडे निघालेल्या मित्राला पाठवा, जमलं तर विमानात बसायच्या आधी. तुमचे अनुभव आणि प्रश्न आम्हाला व्हॉइस नोटने कळवा. घरमालकाचं आणि तुमचं नाव आम्ही कुठेही घेणार नाही. पुढच्या भागात लीजचा करार ओळीओळीने वाचूया, सही करण्याआधी काय बघायचं ते. तोपर्यंत काळजी घ्या, ऐकत राहा!